आधी शिवी, मग रामराम

भाऊ, तुम्ही जळगाव-धुळ्याकडचे असून अजून शिवीशिवाय वाक्य पुरं करत असाल, तर तुमचं कठीण आहे. लोक तुम्हाला पुण्याचे समजतील.

सुरुवात सोपी. दम घ्यायला थांबाल तिथे एक शिवी ठेवा. मित्र भेटला की एक, पाच वर्षांनी भेटला की दोन. शेवभाजी झणझणीत असली तरी तीच, पाणचट निघाली तरी तीच; अर्थ वेटरने तुमच्या तोंडाकडे बघून लावावा. कुणाची आई, कुणाची बहीण, हा विचार करत बसू नका. आपली माय घरी भाकरी थापत असते, तिच्यापुढे मात्र 'हो माय, नाही माय'. (शिवीत बाप का नसतो, असं विचारणाऱ्याला काय द्यायचं, ते तुम्हाला कळलंच असेल.)

म्हाताऱ्यांचं ऐकू नका. माझी आजी 'तुना मुडदा बशो' म्हणायची, पण वर्षातून दोनदा. म्हटली की कुत्रंसुद्धा ओट्याखाली शिरायचं. एवढी काटकसर काय कामाची? होळीला पोटभर बोंब मारायची आणि दुसऱ्या दिवशी तोंड धुऊन शेतात जायचं, हाही जुनाच कंजूषपणा. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती, म्हणून त्यांना इतके शब्द लागले. आपण शिकलेले, आपलं एकावर भागतं.

कायद्याला भिऊ नका. चारचौघांत अश्लील बोलून लोकांना त्रास दिला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ नुसार ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. पण सगळ्यांना धरलं तर एसटी स्टँड ओस पडेल.

आणि विज्ञान आपल्या बाजूने आहे. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठाने २००९ साली विद्यार्थ्यांना बर्फगार पाण्यात हात धरायला लावला. शिवी देताना हात जास्त वेळ टिकला. म्हणजे औषधच! उठसूट शिव्या देणाऱ्याला गुण कमी येतो, असं त्याच मंडळींना २०११ साली दिसलं, पण ते सोडा. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ ला टेकतो, इथे बर्फगार पाणी कुठलं?

रावेरकडच्या माझ्या एका ओळखीच्याने हा अभ्यास पुरा केलाय. परवाच्या वावधनात त्याची कापणीला आलेली केळी आडवी झाली. बांधावर उभा राहून तो बोलला. सकाळी चहात साखर कमी पडली तेव्हा बोलला होता, तेच.

शेजारच्या वावरातल्याने मानही वर केली नाही.

"काय झालं भो, मोबाईलची रेंज गेली का?"