संस्कृती रुजवायचीय? सोपं आहे, साहेब!

अभिनंदन, साहेब! हाताखाली माणसं आली म्हणजे आता तुम्हाला स्वतःचं एक 'वर्क कल्चर' लागणारच. घाबरू नका. जुनीजाणती मंडळी सांगतील की संस्कृती घडायला वर्षं जातात, पिढ्या जातात. तसलं काही नसतं. एक सुट्टीचा दिवस, एक प्रोजेक्टर आणि एक भाड्याचा प्रशिक्षक, एवढ्यात भागतं. मी ऐकीव सांगत नाही. गेल्याच शनिवारी माझ्यात संस्कृती रीतसर रुजवण्यात आली.

सुरुवात भिंतीपासून करा. चार वजनदार शब्द निवडा, फ्रेम करा आणि लिफ्टसमोर टांगा. आदर, सचोटी, संवाद, उत्कृष्टता हे चार छान दिसतात. एन्रॉन नावाच्या कंपनीचे नेमके हेच चार होते. नाव तुमच्या कानावरून गेलंच असेल. 2000 सालच्या वार्षिक अहवालात तिने ते छापले आणि डिसेंबर 2001 मध्ये हिशेबातल्या लबाड्या उघड्या पडून ती दिवाळखोरीत निघाली. पण त्यात शब्दांचा काय दोष? ते अजून नव्यासारखे आहेत. बिनधास्त वापरा.

'आपण सगळे एक कुटुंब आहोत' हे वाक्य प्रत्येक बैठकीत घ्या. पगारवाढीच्या महिन्यात तेवढं टाळा.

केबिनचं दार कायम उघडं ठेवा आणि आत कोण कोण येऊन गेलं, त्याची नोंद दाराबाहेर बसणाऱ्याला ठेवायला सांगा.

टोयोटाच्या कारखान्यांत म्हणे साध्या कामगारालाही दोष दिसला की दोरी ओढून काम अडवता येतं. तुम्हीही दोरी बसवा. ओढणाऱ्याचं नाव अप्रेझलला उपयोगी पडेल.

बैठकीत एक पथ्य पाळा. आधी स्वतःचं मत ठासून सांगा, मग टेबलावरून नजर फिरवत विचारा, "तुम्हाला काय वाटतं? अगदी मोकळेपणाने सांगा." क्रम उलटा झाला तर माणसं खरंच काहीतरी सांगून बसतील. सॉलोमन अॅश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1950च्या दशकात प्रयोग केले होते. कोणती रेघ कोणत्या रेघेएवढी आहे, इतकाच प्रश्न. खोलीतले बाकीचे सगळे आधीच फितवलेले, एकसुरात धडधडीत चूक उत्तर देणारे. उरलेल्या एका माणसाने काय करावं? असल्या माणसांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी निदान एकदा तरी त्या चुकीची री ओढली. आणि तिथे ना साहेब होता, ना अप्रेझल! तुमच्याकडे दोन्ही आहेत, म्हणजे तुम्ही तर जिंकलेलेच. मात्र सावध राहा. त्याच प्रयोगात आणखी एकच माणूस खरं उत्तर देणारा निघाला की होयबांचं प्रमाण धाडकन खाली यायचं. तेव्हा शहाणी माणसं दोन असतील तर त्यांना एका टीममध्ये ठेवू नका.

चुका शून्यावर आणायच्या असतील तर चूक सांगायला येणाऱ्याला सगळ्यांदेखत झापा. एमी एडमंडसन या संशोधिकेला 1990च्या दशकात रुग्णालयांचा अभ्यास करताना आढळलं होतं की ज्या वॉर्डांतले प्रमुख चांगले, तिथेच औषधांच्या चुका जास्त नोंदल्या जातात. कारण तिथले लोक चूक झाकत नव्हते. पाहिलंत? माणसांना नीट वागवलं की ती काहीबाही सांगत सुटतात. आकडे बिघडतात.

आता मुख्य विधी, कार्यशाळा. ती सुट्टीच्याच दिवशी घ्या, कारण इतर दिवशी माणसं कामात असतात आणि काम करताना त्यांची खरी संस्कृती कुणाला दिसली तर पंचाईत व्हायची. प्रशिक्षक असा शोधा, ज्याने तुमच्या धंद्यात एक दिवसही घालवलेला नाही. तो कानामागे माइक अडकवून येईल, "गुड मॉर्निंग!" म्हणेल आणि आवाज कमी आला म्हणून पुन्हा म्हणायला लावेल. मग टाळ्या होतील. मग शेजारच्याच्या डोळ्यांत बघून त्याचा एक चांगला गुण सांगायचा. मग डोळे मिटायचे. आणि मग हिमनगाची स्लाइड येईल. ती आल्याशिवाय कार्यशाळेचं बिल मंजूर होत नसावं.

चित्र तसं खोटं नाही. एडगर शाइन नावाच्या अभ्यासकाने संस्थेची संस्कृती तीन थरांत मांडली होती. डोळ्यांना दिसतं ते वर, तोंडाने सांगितलं जातं ते मध्ये, आणि कुणी कधी बोलत नाही पण सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं ते तळाशी. आमच्याकडच्या तळाशी काय आहे सांगू? साहेबांना तारीख विचारायची नाही.

मी विचारली. कारण तो माइकवाला छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "आज इथे कुणी सीनियर नाही, कुणी ज्युनियर नाही. मनात असेल ते बोला." मी म्हटलं, बोलावं. हातातल्या कामाला अजून निदान दोन महिने लागणार हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत असताना ग्राहकाला पुढच्या महिन्याची तारीख कुणी दिली, आणि देण्याआधी काम करणाऱ्यांपैकी कुणाला विचारलं होतं? एवढाच प्रश्न. आवाज चढवला नाही, कुणाचं नाव घेतलं नाही.

त्यानंतर जे झालं ते नीट शिकून घ्या, साहेब, पुढे उपयोगी पडेल. आमचे साहेब हसले. प्रशिक्षक "ग्रेट पॉइंट!" म्हणाला, पिवळी चिठ्ठी काढली, तिच्यावर 'टाइमलाइन्स??' असं लिहिलं आणि 'पार्किंग लॉट' नावाच्या तक्त्यावर चिकटवली. त्या तक्त्यावरची चिठ्ठी पुन्हा खाली आलेली कुणी पाहिली असेल तर मला कळवावं. पुढच्या मिनिटाला आम्ही फुगे फुगवत होतो. हो, फुगे. विश्वासाचे.

सोमवारी एचआरकडून बोलावणं आलं. काळजीचा सूर होता. "शनिवारी तुमची एनर्जी जरा निगेटिव्ह वाटली."

"प्रश्न चुकीचा होता का?"

"प्रश्न नाही हो. टोन."

टोन! तारीख खोटी, ती देताना कुणाला विचारलं नाही हे खरं, रात्री जागून ती गाठायची आम्ही, नाही गाठली तर ग्राहकाच्या शिव्या खायच्या आम्ही, आणि चुकला कुणाचा सूर? माझा! खोटं गोड गळ्याने गायलं की ते 'पॉझिटिव्ह', आणि खरं साध्या आवाजात विचारलं की तो 'अटिट्यूड प्रॉब्लेम'. मग सांगा ना सरळ, की मोकळेपणाने बोला म्हणजे मोकळेपणाने कौतुक करा. आम्ही घरून लिहून आणलं असतं. शनिवार तरी वाचला असता.

हा खेळ काही नवा नाही. 27 जानेवारी 1986 च्या रात्री नासाच्या चॅलेंजर या अवकाशयानाचे बूस्टर, म्हणजे त्याला वर ढकलणारी रॉकेटं, बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते सांगत होते की इतक्या थंडीत सांध्यांच्या रबरी कड्यांचा भरवसा नाही, उद्या उड्डाण नको. त्यांना खोटं पाडायच्या भानगडीत कुणी पडलंच नाही. त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याला सांगण्यात आलं की आता अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. त्याने घातली. दुसऱ्या दिवशी 73 सेकंदांत यान फुटलं, सातही जण गेले. 17 वर्षांनी, 2003 मध्ये, त्याच नासाचं कोलंबिया परतताना हवेत विखुरलं, आणखी सात गेले. चौकशी मंडळाने लिहिलं की अपघाताला उड्डाणाच्या वेळी इंधनाच्या टाकीवरून निखळलेल्या फोमच्या तुकड्याइतकीच संस्थेची संस्कृती जबाबदार आहे. आमच्या तारखेपायी कुणाचा जीव जाणार नाही, हे कबूल. पण टोपी तीच आहे.

बरं, तेवढ्यावर भागलं असतं तरी गिळलं असतं. पण त्या दिवशी दुपारी एक स्लाइड अशी होती की आपली माणसं वरिष्ठांसमोर बोलतच नाहीत, कारण आपली संस्कृतीच तशी. पुरावा म्हणून हॉफस्टेड यांचा तक्ता. म्हणजे बघा, सकाळी बोलणारीला तक्त्यावर चिकटवायचं आणि दुपारी कुणी बोलत नाही म्हणून समाजशास्त्र शिकवायचं! तुम्हीही ही युक्ती जरूर वापरा, साहेब. 'मी घाबरवतो' असं म्हणायची लाज वाटते, 'संस्कृतीच तशी' म्हटलं की अभ्यासू वाटतं.

फक्त समोर कुणी वाचणारं बसलेलं नाही, एवढी खात्री करून घ्या. गीर्त हॉफस्टेड यांनी 1967 ते 1973 या काळातल्या आयबीएमच्या कर्मचाऱ्यांच्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्या तपासून देशादेशांतलं 'सत्ता-अंतर' मोजलं, म्हणजे वरचा आणि खालचा यांच्यातली दरी लोक किती गृहीत धरतात ते. हे आकडे देशांची तुलना करायला आहेत, एकेका माणसावर चिकटवायला नाहीत, हे त्यांनीच सांगून ठेवलंय. आणि ते स्वतः ज्या देशाचे, तो नेदरलँड्स त्यांच्याच तक्त्यात कमी अंतराचा, साहेबाला फारसं न घाबरणारा. आता 27 मार्च 1977 बघा. स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दाट धुकं. डच, म्हणजे याच नेदरलँड्सच्या, विमानाने परवानगी न मिळताच धाव घेतली. समोरचं विमान अजून धावपट्टीवरच असेल का, अशी शंका फ्लाइट इंजिनियरने बोलून दाखवली. कॅप्टनने ती ठामपणे उडवून लावली. कॅप्टन म्हणजे कंपनीचा ज्येष्ठ प्रशिक्षक, जाहिरातीत ज्याचा फोटो झळकतो असा. इंजिनियर गप्प बसला. दोन विमानांतली मिळून 583 माणसं गेली. कुठे गेलं कमी अंतर?

उलट बाजूही आहे. दक्षिण कोरियाच्या कोरियन एअरचं विमान 1997 मध्ये पॅसिफिकमधल्या गुआम बेटावर डोंगराला आदळलं, 228 जण दगावले. कॅप्टनच्या चुकीबरोबरच सहकाऱ्यांनी त्याला वेळेत अडवलं नाही, हेही चौकशीत कारण म्हणून नोंदलं गेलं. त्यानंतर कंपनीने प्रशिक्षणच बदललं, आणि 1999 नंतर तिच्या एकाही विमान अपघातात प्रवासी दगावलेला नाही. देश तोच, भाषा तीच, वडीलधाऱ्यांना मान देण्याची रीत तीच. बदललं ते कॉकपिट.

पुरे झाल्या सूचना. आता सरळ बोलते, आमच्याच साहेबांशी.

साहेब, तुम्हाला संस्कृती वगैरे काही नकोय. तुम्हाला हाताची घडी, तोंडावर बोट असा वर्ग हवाय, आणि तो हसतमुख दिसावा म्हणून फुगे हवेत. तुमच्याकडची संस्कृती फ्रेममध्ये लिहिलेली नाही. मी प्रश्न विचारला तेव्हा तुम्ही हसलात, त्या हसण्यात ती आहे, आणि ती खोलीतल्या प्रत्येकाने त्याच क्षणी पाठ केली. परवा नवा आलेला मुलगा माझ्या शेजारीच बसला होता. चांगला हात वर करायच्या बेतात होता. त्याने तो खाली घेतला आणि फुगा उचलला. कसली कार्यशाळा घेता आणखी? शिकवून झालं तुमचं.

आणि मागच्या रांगेतल्यांनो, तुम्हालाही सोडणार नाही. जिन्यात गाठून "भारी बोललीस" म्हणालात. रात्री खासगीत अंगठे पाठवलेत, एकाने तर वाघाचं चित्र पाठवलं. खोलीत मात्र नंदीबैलासारख्या माना हलवत होतात, तेही साहेबांच्या बाजूने! कुणीतरी एकाने "हो, मलाही हेच विचारायचंय" एवढं म्हटलं असतं तरी ती पिवळी चिठ्ठी निघाली नसती. एकीला निगेटिव्ह म्हणणं सोपं असतं, दोघींना तितकं सोपं जात नाही. तुमच्या नोकऱ्या आहेत, हप्ते आहेत, मान्य. माझेही आहेत. अंगठे नकोत मला. पुढच्या बैठकीत तोंड उघडा, नाहीतर जिन्यातही बोलू नका.

आणि साहेब, तारीख खोटी आहे. आज ना उद्या ग्राहकाला कळणारच. तुम्ही दिलीत, तुम्हीच फोन करा. आजच करा.