वादळ पाणी ओढत नाही, लोटतं

मे महिन्यात अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा दिसला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा उगवतो. मजकूर थोडक्यात असा: चक्रीवादळाचा डोळा स्ट्रॉसारखं समुद्राचं पाणी वर ओढतो, तळी आणि खाड्या यातून सुटतात, कॅटेगरी (वाऱ्याच्या वेगावरून वादळाला मिळणारा एक ते पाच दर्जा) कळली की पाणी किती चढणार ते कळतं, संगणकावर अंदाज काढणारी मॉडेल-बिडेल थोतांड, आणि शेवटी, आपलं नाशिकचं गंगापूर धरण उसळून गोदाकाठ बुडणार. तळी सुटतात आणि धरण उसळतं, हे एकाच दमात!

आधी ती स्ट्रॉ. ओढ असते, अगदीच खोटं नाही. हवेचा दाब एक हेक्टोपास्कल उतरला की पाणी साधारण एक सेंटीमीटर फुगतं. २९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना ही वादळीण अमेरिकेच्या किनाऱ्यावर आली तेव्हा केंद्रातला दाब ९२० च्या आसपास होता, नेहमीपेक्षा नव्वदेक हेक्टोपास्कल कमी. या हिशोबाने पाणी मीटरभर चढायला हवं. मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर ते साडेआठ मीटरच्या जवळ गेलं. बाकीचं काम मुख्यतः वाऱ्याचं.

घरी करून पाहा. परातीत तळ जेमतेम झाकेल इतकं पाणी घ्या आणि एका कडेने हेअर ड्रायर आडवा धरा. अलीकडचा तळ उघडा पडतो, पाणी पलीकडच्या कडेला गोळा होतं. आता तोच ड्रायर काठोकाठ भरलेल्या पातेल्यावर धरा. नुसते तरंग. खोल भांड्यात लोटलेलं पाणी खालून मागे फिरतं, उथळ परातीत त्याला फिरायला जागाच नसते. (ड्रायरची वायर पाण्यापासून लांब ठेवा, हे सांगायला हवंच.)

म्हणून ‘तळी सुटतात’ हे मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य. फ्लोरिडातलं ओकीचोबी तळं सरासरी तीन मीटरही खोल नाही, पण पसरलंय पन्नासेक किलोमीटर. म्हणजे परातच. १६ सप्टेंबर १९२८ च्या रात्री उत्तरेच्या वाऱ्याने ते दक्षिण काठावर लोटलं आणि मातीचा बांध फुटला. डोळा पुढे सरकल्यावर वारा उलटला, मग उत्तरेकडचा काठ बुडाला. किमान अडीच हजार माणसं गेली, त्यात बहुतेक शेतमजूर. समुद्राचं पाणी त्यात नव्हतंच. वादळाने पाणी किती चढेल ते सांगायला अमेरिकेत वापरतात त्या ‘स्लॉश’ मॉडेलच्या नावातला एल हा लेकचा, म्हणजे तळ्याचाच आहे.

कॅटेगरीचं म्हणाल तर १९६९ ची कॅमिल पाचव्या कॅटेगरीची होती, कॅटरिना किनाऱ्यावर येताना तिसऱ्या. किनारा तोच, तरी कॅटरिनाचं पाणी जास्त चढलं, कारण तिचा घेर मोठा होता. २०१० मध्ये अमेरिकेने कॅटेगरीच्या तक्त्यातून पाण्याचे आकडे काढूनच टाकले. मॉडेलला वादळाचा मार्ग, वेग, घेर लागतो आणि त्याहून जास्त तळाची खोली, खाडीचं तोंड, बांधाची उंची. ते चुकतं, नाही असं नाही. बहुतेकदा वादळाच्या मार्गाचा अंदाजच आधी चुकलेला असतो. त्यासाठीच एका वादळाचे अनेक संभाव्य मार्ग चालवून बघतात.

राहिलं गंगापूर. वारा ताशी सत्तर किलोमीटर, पाण्याची खोली दहा मीटर, सलग लांबी आठ किलोमीटर धरली तर दोन टोकांतला फरक येतो दहाएक सेंटीमीटर. अर्धी वीत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं आणि जोर ओसरत आपल्या बाजूला सरकलं, तेव्हाही धरण उसळलं नव्हतं. गोदेला पूर येतो तो त्र्यंबकेश्वरकडे कोसळलेल्या पावसाने आणि धरणातून सोडलेल्या पाण्याने. त्यामुळे ग्रुपवर टाकायचंच असेल तर किती क्युसेक सोडले तो आकडा टाका, आणि पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की छातीला, ते.