उंची 5 फूट 7 इंच, टॅली येते

आपल्याकडे बायोडेटा दोनदा होतो, एकदा नोकरीला आणि एकदा लग्नाला. पण झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर दोन्हींची फाइल एकच. दुकानदार फक्त वरचं 'श्री गणेशाय नमः' काढतो. म्हणून आपल्या बेळगाव भागात, खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या कुठल्याही ताज्या पदवीधराचा रेझ्युमे उघडला की धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय, 'अविवाहित', उंची असं सगळं साग्रसंगीत सापडतं. रक्तगटसुद्धा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखानदाराला मशीनवर माणूस हवा असतो, जावई नको असतो.

तेव्हा हे सगळं उडवा. पासपोर्ट फोटोही काढून टाका. शेवटचं 'वरील माहिती खरी आहे' हे प्रतिज्ञापत्रही जाऊ दे, खोटं लिहिणाराही तेच लिहितो. सुरुवातीचं 'आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीला हातभार लावणे' हे उद्दिष्ट तर माझ्या मते सगळ्यांत आधी गेलं पाहिजे. आव्हान कसलं, तर खानापूरहून आठची पाळी गाठायची. त्याऐवजी दोन ओळी पुरतात: शिक्षण काय, काम कसलं हवं, कुठे जायची तयारी आहे, कधीपासून येऊ शकता.

इतकं उडवल्यावर पान मोकळं पडतं आणि खरी पंचाईत सुरू होते. भरायचं काय?

'सीएनसी मशीनवर (म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या यंत्रावर) काम केले' ही ओळ घ्या. यातून फक्त एवढंच कळतं की मशीन होतं आणि तुम्ही जवळ उभे होता. तीच अशी लिहा: 'सीएनसी टर्निंग सेंटरवर 6 आठवडे प्रशिक्षण. दर पाळीत 40 नग व्हर्नियर आणि मायक्रोमीटरने तपासले, नाकारलेल्या नगांची कारणासह नोंद ठेवली.' नग 40 नसतील, 15 असतील तर 15 लिहा. कारण समोरचा पहिला प्रश्न विचारणार, 'व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप, किती?' साध्या व्हर्नियरचा 0.02 मिमी आणि मायक्रोमीटरचा 0.01 मिमी, हे झटकन सांगता आलं तर तो पुढचं वाचतो. बी.कॉम.वाल्यांचं 'टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) येते' तसंच. कुठल्या नोंदी केल्या, महिन्याला किती व्हाउचर, बँकेचा मेळ घातला का, ते लिहा. जीएसटी लिहिलंत तर विक्रीच्या मासिक विवरणपत्राची, जीएसटीआर-1 ची, मुदत 11 तारखेला आणि कर भरण्याच्या विवरणपत्राची, 3बी ची, साधारण 20 ला, हे तोंडपाठ हवं. ज्यावर दोन प्रश्न झेपत नाहीत, ते रेझ्युमेत ठेवू नये.

अनुभवच नाही म्हणणाऱ्यांनी गणेश मंडळाचा जमाखर्च आठवावा. किती घरांची वर्गणी, किती पावत्या, शेवटी हिशेब जुळला की नाही. जुळला असेल तर लिहाच, असं मंडळ दुर्मिळ.

आता सजावट. दोन रकान्यांचा, निळ्या पट्टीचा नमुना दिसायला झकास. पण मोठ्या कंपन्यांत रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं, आणि त्यातली काही दोन रकाने आडवेच वाचत जातात. मग 'मराठी 2024 क्रिकेट बी.कॉम. कन्नड' अशी भेळ होते. एक रकाना, एक पान, 11 चा फाँट. मोबाइल नंबर हेडरमध्ये नको, मजकुरात हवा. 'एक्सेल'पुढे पाचपैकी चार तारे काढू नका, पाचवा कुठे गेला ते कुणालाच कळत नाही. शेवटी पीडीएफ उघडून सगळा मजकूर कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. काहीच उमटलं नाही तर ती पीडीएफ म्हणजे नुसता फोटो. मोबाइलवर स्कॅन केलेल्या रेझ्युमेचं असंच होतं.

आपल्या भागाचे घोळ वेगळे. पुण्याला अर्ज करताना एसएसएलसीपुढे दहावी आणि सेकंड पीयूसीपुढे बारावी असं लिहावं, तिकडे सगळ्यांनाच ते उमगतं असं नाही. मार्क्सकार्डावर आडनाव आधी आणि पुढे नुसती आद्याक्षरं, आधारवर पूर्ण नाव, असं असेल तर रेझ्युमेत मार्क्सकार्डाप्रमाणे लिहा. नाहीतर कागद तपासताना गाडी तिथेच अडते. बेळगावचं नाव 2014 पासून कागदोपत्री बेळगावी आहे. नोकरीच्या साइटवर यादीत जे असेल ते निवडा. 1956 पासूनचा सीमाप्रश्न पत्त्याच्या ओळीत सुटायचा नाही.

आणि भाषा! मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांचं भांडवल पोरं छंदांच्या खाली, 'गाणी ऐकणे'च्या शेजारी टाकतात. बेंगळुरूच्या ग्राहकसेवेला किंवा बँकेच्या वसुलीला असाच माणूस लागतो. ती ओळ वर घ्या. फक्त बोलता, वाचता, लिहिता असं वेगळं सांगा. कन्नडमधल्या 'एष्टु' (किती) आणि 'बेड' (नको) एवढ्यावर बाजार होतो, मुलाखत होत नाही.

फाइलला 'न्यू फायनल फायनल 3' नको, नाव आणि पद पुरे. आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवरची आपली प्रत पुसून या. नाहीतर पुढचा पोरगा त्याच फाइलवर आपलं नाव चढवतो, खाली नंबर तुमचाच राहतो, आणि त्याच्या मुलाखतीचा फोन तुम्हाला येतो. आला तर जाऊन या की.