आज्जींना कुणी विचारलं का?

"पोरी, उद्या माझं नेमकं काय करणार हाईत गं?"

रात्रीची औषधं वाटत असताना एका आज्जींनी मला हे विचारलं होतं. वय ७८, खुब्याचं हाड मोडलेलं, सकाळी पहिलंच ऑपरेशन. फाइलमध्ये कन्सेंट, म्हणजे संमतीचा कागद, लावलेला होता. त्यावर मुलाची सही आणि खाली साक्षीदार म्हणून माझी. आज्जी पूर्ण शुद्धीत होत्या. म्हैस किती दूध देते, एकादशी कधी आहे, सगळं तोंडपाठ. सर्जन, भूलतज्ज्ञ, मुलगा आणि मी, चौघांना त्यांचं ऑपरेशन माहीत होतं, आणि हाड ज्यांचं होतं त्या मला विचारत होत्या.

मी त्यांच्या खाटेशी स्टूल ओढून बसले आणि सांगितलं. खुब्याचा मोडलेला गोळा काढून तिथं धातूचा बसवणार. त्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "मग मांडी घालून बसता यील का?" येणार नव्हतं. उकिडवंही बसायचं नव्हतं. त्या चुलीपुढं बसून भाकरी करायच्या, घरी संडास खाली बसायचा. म्हणजे घरी जायच्या आधी कमोडची सोय करायला हवी होती आणि हे सही करणाऱ्या मुलाच्या गावीही नव्हतं. संमती कशासाठी घ्यायची असते ते मला त्या रात्री नीट कळलं. तोवर माझ्यासाठी तो फाइलमधला एक कागद होता.

मी ३१ वर्षं सरकारी नोकरीत परिचारिका म्हणून काम करून मागच्या वर्षी निवृत्त झाले. म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषेत आपलं कुठं चुकतं असं कुणी विचारलं, तर मी एकच सांगते. आपण त्यांना विचारत नाही. केस पांढरे झाले की माणसाची सही घरातल्यांकडे जाते, आणि त्यात काही गैर आहे असं कुणाला वाटतही नाही.

कायदा याच्या उलट आहे. समीरा कोहली यांच्या खटल्यात १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. ४४ वर्षांची बाई तपासणीसाठी भुलेखाली होती, डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय काढलं. न्यायालय म्हणालं, बाई सज्ञान आहे, शुद्धीवर आल्यावर तिला विचारता आलं असतं, जिवाला तातडीचा धोका नव्हता, तेव्हा आईची संमती चालणार नाही. सज्ञान माणसाचं वय वाढलं म्हणून हा नियम बदलत नाही. ७८ वर्षांच्या शुद्धीतल्या आज्जींच्या कागदावर मुलाची सही पुरत नाही, आणि त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणारी मीही त्या चुकीत सामील होते.

"सिस्टर, आईला सांगू नका हं, कॅन्सर म्हटलं की हाय खाईल." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मोजदाद नाही. सांगणाऱ्याचं प्रेम खरं असतं, त्याला मी कधी वाईट म्हणणार नाही. पण निर्णय त्या आईचा आहे. काही म्हातारी माणसं म्हणतातही, "मला नको सांगू बाई, थोरल्याशी बोला." तेही त्यांचं म्हणणं, ते पाळायचं. मात्र आधी विचारायला हवं की, तुम्हाला सगळं ऐकायचंय का?

आता जे लिहितेय ते लिहायला मला बरीच वर्षं लागली.

मेडिसिन वॉर्डातली रात्रपाळी. चाळीसच्या वर पेशंट, आम्ही दोघी सिस्टर आणि एक मावशी. एक आजोबा फार अस्वस्थ होते. नाकातली नळी ओढत होते, उठायला बघत होते, काहीबाही बोलत होते. नळी दोनदा निघाली. तिसऱ्यांदा घातल्यावर मी गॉजच्या पट्टीने त्यांचे दोन्ही हात कॉटला बांधले. डॉक्टरांची ऑर्डर नव्हती. फाइलमध्ये लिहिलं, 'पेशंट इरिटेबल'. पहाटे मावशी म्हणाली, "सिस्टर, पिशवीत लघवीच नाही." कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, तुंबलेली होती. पोट दगडासारखं झालेलं. ती धुऊन मोकळी केल्यावर काही मिनिटांत आजोबा शांत झोपले. ते रात्रभर दुखतंय म्हणून धडपडत होते, त्यांना ते शब्दांत सांगता येत नव्हतं, आणि मी त्यांचे हातच बांधून टाकले होते. सकाळी मनगटावर वळ होते. मी ते कुणाला सांगितले नाहीत.

म्हातारपणी माणूस अचानक बडबडायला लागला की 'वयाने भ्रम झालाय' म्हणून सोडून देऊ नका. तुंबलेली लघवी, लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, सोडियम कमी होणं, नवीन सुरू झालेली झोपेची गोळी, काढून ठेवलेला चष्मा किंवा कानातलं मशीन, यातलं काहीतरी मागे असू शकतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ९७ प्रमाणे, पेशंटला किंवा दुसऱ्याला तातडीची इजा टाळायचा दुसरा उपायच नसेल तेव्हाच बांधता येतं, तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि तशी नोंद करून. शिक्षा म्हणून नाही, आणि माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. हे कलम मानसिक आजारांवर उपचार करणाऱ्या संस्थांसाठी आहे, आमच्या मेडिसिन वॉर्डासाठी नाही. पण आजोबांचे हात तिथे आणि इथे वेगळे असतात का? दोघींनी चाळीस जण सांभाळायचे ही व्यवस्थेची चूक आहे, ते मी ठासून म्हणेन. पट्टीची गाठ मात्र माझी होती.

आणि ते शाईचं पॅड! ज्यांनी वॉर्डात काम केलंय त्यांना लगेच कळेल. भेटायच्या वेळेत दोन-तीन नातेवाईक, एक अनोळखी माणूस, प्लॅस्टिकच्या पिशवीत स्टॅम्पपेपर. अर्धवट शुद्धीतल्या म्हाताऱ्याचा अंगठा धरून टेकवायचा आणि "सिस्टर, साक्षीदार म्हणून जरा सही करता का?" मुलींनो, करू नका. माणसाला काय चाललंय ते कळत नसेल तर डॉक्टरांना आणि इनचार्ज सिस्टरना लगेच सांगा, नर्सिंग नोटमध्ये वेळेसह लिहा. घरी गेल्यावर बरेच जण विचारतात, "आता सगळं पोरांच्या नावावर झालं, काय उपयोग?" उपयोग आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकतं. अर्ज प्रांताकडे करायचा.

अरुणा शानबाग यांचं नाव माझ्या पिढीतल्या प्रत्येक परिचारिकेच्या मनात आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली आमच्यासारखीच एक सिस्टर. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिच्यावर हल्ला झाला, मेंदूला इजा झाली, त्यानंतर १८ मे २०१५ ला मरेपर्यंत ती तिथेच अंथरुणाला खिळून होती आणि एकामागून एक पिढ्यांतल्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. इतक्या वर्षांत तिला बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, झाला नाही. ही किती मोठी गोष्ट आहे ते, दर दोन तासांनी पेशंट कुशीवर वळवणारीलाच कळेल. तिचं अन्न थांबवून तिला मरण येऊ द्यावं असा अर्ज सर्वोच्च न्यायालयात आला, २०११ मध्ये त्याचा निकाल लागला, तेव्हा तिला सांभाळणाऱ्यांनी अन्न थांबवायला नकार दिला. कोण बरोबर होतं यावर मी रात्री जागून विचार केलाय. तिला स्वतःला काय हवं होतं, हे मात्र कुणालाच विचारता येत नव्हतं.

आपल्या घरातल्यांना अजून विचारता येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालाने वैद्यकीय इच्छापत्र मान्य झालं आणि जानेवारी २०२३ पासून ते सोपं झालं. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. बरं होण्याची आशा संपली की कोणते उपचार नकोत, आणि आपल्याला बोलता येत नसेल तेव्हा आपल्या वतीने कोण बोलेल, हे त्यात लिहायचं. इच्छापत्र असलं म्हणून शुश्रूषा थांबत नाही. वेदनेचं औषध, तोंडाची स्वच्छता, कूस बदलणं, हे शेवटच्या श्वासापर्यंत करायचंच असतं.

गेल्या महिन्यात मी माझ्या ८४ वर्षांच्या आईला घेऊन बसले. व्हेंटिलेटर म्हणजे काय, नाकातली नळी म्हणजे काय, साध्या भाषेत सांगितलं आणि वही उघडली. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, नळीचं काहीतरी बोलेल.

"ते तू बघ, तुला कळतंय," ती म्हणाली. "पण माझी कवळी काढून वाटीत ठिवू नका. माणसं भेटायला येत्यात."

३१ वर्षांत मी शेकडो कवळ्या काढून वाटीत ठेवल्या असतील. बेशुद्ध माणसाची काढावीच लागते, गळ्यात अडकते. शुद्धीतल्या माणसाची का काढत होते, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वहीत पहिल्या ओळीवर तेच लिहून घेतलं.