ब्रिटनचा व्हेप महाराष्ट्राच्या कामाचा नाही

भारतात 2019 पासून ई-सिगारेटवर बंदी आहे. इथे इंग्लंडमध्ये मात्र सरकारनेच 2023 साली सिगारेट ओढणाऱ्या दहा लाख लोकांना सिगारेट सुटावी म्हणून व्हेपचे, म्हणजे ई-सिगारेटचेच, संच देण्याची योजना जाहीर केली. तिचा दाखला देत पुण्या-मुंबईकडून विचारणा होते, ‘तिकडे सरकारच व्हेप वाटतंय, मग आपल्याकडेच बंदी कशाला?’ इंग्लंडचा हिशेब चुकलेला नाही. फक्त तो रोज सिगारेट ओढणाऱ्यापुरता मांडलेला आहे.

आधी छातीत काय जातं ते पाहू. व्हेपमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन या द्रवांत निकोटीन आणि स्वाद मिसळलेले असतात. कापसाची वात हा द्रव शोषते, कॉइल (धातूच्या तारेचं वेटोळं) तो तापवते आणि तयार होणारे सूक्ष्म थेंब थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तंबाखू जळत नसल्यामुळे डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइडही जवळजवळ नाही. ओढणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे. पण वात कोरडी पडली की तापमान चढतं, ग्लिसरीन फुटतं आणि फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅक्रोलीन ही विषारी रसायनं तयार होतात. घशाला जळका चटका बसतो तो तेव्हाच. टाकी तळाशी येईपर्यंत ओढलं, लागोपाठ लांब झुरके घेतले किंवा नवी कॉइल पाच-दहा मिनिटं मुरू न देता सुरू केली, की हे हमखास होतं. कॉइलमधून निकेल आणि क्रोमियमही उतरतात. दालचिनीच्या स्वादातलं सिनॅमाल्डिहाइड श्वासनळीतला कफ वर ढकलणाऱ्या बारीक केसांसारख्या तंतूंची हालचाल मंदावतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे.

ब्रिटनमध्ये निकोटीन मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमपर्यंत, टाकी 2 मिलिलिटरची आणि बाटली 10 मिलिलिटरची, अशी मर्यादा आहे. डायअ‍ॅसिटिल (लोण्याच्या स्वादाचं रसायन) आणि जीवनसत्त्वं द्रवात घालता येत नाहीत. जीवनसत्त्वांची अट फुटकळ वाटेल, पण अमेरिकेत काय झालं ते आठवा. फेब्रुवारी 2020 पर्यंत तिथे व्हेपमुळे फुप्फुसाला इजा होऊन 2,807 जण रुग्णालयात गेले आणि 68 दगावले. बहुतेकांनी गांजाच्या अर्काची चोरबाजारातली कार्ट्रिज (व्हेपमध्ये बसवायच्या भरलेल्या नळ्या) ओढली होती. अर्क पातळ करायला त्यात ई जीवनसत्त्वाचं अ‍ॅसिटेट घातलेलं होतं. तपासलेल्या 51 रुग्णांपैकी 48 जणांच्या फुप्फुसातल्या द्रवात ते सापडलं.

आता महाराष्ट्र. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करत होते आणि 24.4 टक्के तंबाखू खात किंवा मिश्री लावत होते. म्हणजे आपलं व्यसन मुख्यतः तोंडात आहे. मिश्री लावणाऱ्या बाईला किंवा चुना-तंबाखू मळणाऱ्या माणसाला व्हेप देऊन काय साधणार? त्यांच्या फुप्फुसांना सिगारेटचा धूर लागतच नव्हता, तिथे नवा मारा सुरू होईल. विडी-सिगारेटवाल्यांसाठी निकोटीनच्या गोळ्या आणि पट्ट्या आहेत. त्या व्हेपइतक्या परिणामकारक नाहीत, हे मान्य. तरी बंदी उठवावी असं मला वाटत नाही. इतके नियम असूनही ब्रिटनच्या शाळकरी पोरांच्या दप्तरात रंगीत व्हेप पोहोचलेच. शेवटी 1 जून 2025 पासून वापरून फेकायच्या व्हेपची विक्री बंद करावी लागली.

बंदीची खरी अडचण वेगळी आहे. चोरून येणाऱ्या मालात काय घातलंय ते कोणी तपासत नाही आणि ओढणारा डॉक्टरांपाशीही तोंड उघडत नाही. व्हेपमुळे फुप्फुसाला इजा होऊन खोकला, धाप, ताप आणि सोबत उलट्या-जुलाब असतील तर चित्र साध्या न्यूमोनियासारखंच दिसतं. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही बाजूंना धुरकट डाग येतात. प्रतिजैविकं चालू राहतात आणि ज्या स्टेरॉइडचा उपयोग झाला असता ते सुचायला उशीर होतो. अमेरिकेत निदानासाठी लक्षणांआधीच्या 90 दिवसांतलं व्हेपिंग विचारात घेत. आपल्याकडेही कॉलेजातलं पोर असं दाखल झालं तर आईवडिलांना बाहेर बसवून तोच प्रश्न विचारावा: काय ओढलं, कुठून आणलं, शेवटचं कधी? कायद्यातल्या शिक्षा बनवणाऱ्याला, आणणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि साठा करणाऱ्याला आहेत, हेही त्याला तिथेच सांगावं.