केवढी सुटलीस गं!

आज एका बारशाला गेले होते. तेरा-चौदा वर्षांची एक पोर दुसरी पुरी घेत होती, तर तिची आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "केवढी सुटलीस गं! पुरे आता." हशा पिकला. पोरीनं पुरी ताटाच्या कडेला सारली आणि मोबाइलमध्ये तोंड घातलं. मीपण हसले. रिक्षात बसल्यापासून स्वतःचाच संताप येतोय.

माझ्या मामेबहिणीनं, ताईनं, दहावीत उपास धरले होते. आधी सोमवार, मग गुरुवार, मग चतुर्थी, एकादशी. खिचडीसुद्धा नको, नुसतं ताक. आजीला कोण कौतुक! येणारा-जाणारा म्हणायचा, "काय छान बारीक झालीस!" पाळी थांबली, केस गळायला लागले, मे महिन्यात अंगावर शाल. तेव्हा घरात काय आलं? टॉनिकची बाटली. ॲनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढायच्या धास्तीनं जेवण तोडण्याचा आजार, हा शब्द आम्ही दोन वर्षांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे ऐकला.

१९९५ साली ब्रिटनच्या राजघराण्यातल्या डायनानं टीव्हीवर स्वतःच्या बुलिमियाबद्दल, म्हणजे भराभरा खाऊन मग ते ओकून काढण्याच्या आजाराबद्दल, सांगितलं, ते पेपरात वाचून आमचे मामा म्हणाले होते, "राजवाड्यातली थेरं!" ताई तेव्हा शेजारच्या खोलीत उपाशी झोपली होती.

थेरं नाहीत हो ही. जीव जातो यात. आणि नेहमी हाडं दिसतातच असंही नाही. बुलिमियात वजन चारचौघांसारखं असू शकतं, खाल्लेलं गुपचूप ओकून काढल्याचं कधीकधी आधी दंतवैद्यालाच कळतं, कारण आम्लानं दात झिजतात. मुलगे यातून वाचलेत असंही समजू नका. सिक्स पॅकपायी भात-पोळी सोडणारे आपल्याच सोसायटीत आहेत.

हो, मान्य, लठ्ठपणा असतो, घरोघरी डायबेटिस आहे. त्यासाठी डॉक्टर आहेत ना, बारशाची पंगत कशाला?

आणि सगळं खापर इन्स्टावर फोडू नका. ताईच्या वेळी कुठे होतं इन्स्टा? आम्ही होतो. जाऊ दे, आजीवर तरी काय चिडायचं, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पण आपल्याला माहितीये. मुलांना सरळ सांगा की हा आजार आहे, नखरे नाहीत, उपचारांनी बरा होऊ शकतो. पोर जेवण टाळतेय, जेवल्या जेवल्या बाथरूममध्ये जातेय असं दिसलं तर रागावू नका, डॉक्टरकडे न्या. कुणाशी बोलावं सुचत नसेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६.

ताईला मघाशी फोन केला. पुरीचं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "नंतर खाल्ली का गं तिनं ती?"

मी पाहिलंच नव्हतं.