टाकीत उडी मारण्याबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, टाकीत कोणी बेशुद्ध पडला तरी मागोमाग उडी मारू नका, आधी गॅस मीटर लावून हवा तपासा, असं मी लिहिलं होतं. त्यावर "माणूस डोळ्यांदेखत गुदमरतोय आणि तुम्ही मीटर लावायला सांगता? फायर ब्रिगेड येईपर्यंत तो जगणार का? तुमचं प्रशिक्षण म्हणजे भित्र्यांना पळवाट," असं तुम्ही लिहिलंत. त्यातला वेळेचा मुद्दा अगदी खरा आहे. प्राणवायू तुटला की चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते, आणि पुण्याच्या रस्त्यांवरून तेवढ्या वेळात गाडी पोचेल याची खात्री कोणीच देणार नाही.

पण उडी मारणाऱ्याचं पुढे काय होतं, तेही बघा. अमेरिकेतल्या 'नायॉश' या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने १९८६ मध्येच बजावलं होतं, की बंदिस्त जागांतल्या बळींपैकी ६० टक्क्यांहून जास्त जण वाचवायला गेलेले असतात. ड्रेनेजमधल्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण हवेत त्याचं प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं, आणि माणूस आणखी दोन पायऱ्या उतरतो. तोंडाला ओला रुमाल बांधून काहीही होत नाही. प्राणवायू २०.९ टक्क्यांवरून दहाच्या खाली आला, की घुसमट कळायच्या आत शुद्ध हरपते.

म्हणून सुटका उतरण्याआधीच बांधून ठेवावी लागते. कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम ३६ मध्ये हेच होतं : श्वसनयंत्र, कमरपट्टा, आणि त्याच्या दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. सोसायटीच्या टाकीला तसा कायदा लागत नसेल, गॅस मात्र तोच असतो. माझ्या मते नुसता कमरेचा दोरही पुरत नाही. बेशुद्ध माणूस कमरेत दुमडतो आणि टाकीच्या तोंडाशी अडकतो. हार्नेसची, म्हणजे अंगभर बांधायच्या पट्ट्यांची, कडी पाठीवर, खांद्यांच्या मध्ये असली तर तो सरळ वर येतो. वर ट्रायपॉड (तिपाई) आणि विंच (दोर गुंडाळायचं चाक) असेल, तर एकटा माणूस कोणालाही आत न पाठवता त्याला काढू शकतो. अरुंद चेंबरमधून पाठीवर श्वसनयंत्राचा सिलिंडर घेऊन उतरता येत नाही, हे तर सरावात पुतळा काढताना पहिल्याच दिवशी कळतं. असा सराव केलेला माणूस भित्रा नसतो, दादा. आतल्याला जिवंत काढायची संधी त्याच्याकडेच असते.

तुमच्या सोसायटीत टाकी उपसायची असेल तर सक्शन गाडी बोलवा, माणूस उतरवू नका. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय तसं धोकादायक काम करून घेणं गुन्हा आहे. तरीही कोणी आत पडलाच, तर १०१ ला फोन करून "टाकीत माणूस बेशुद्ध आहे, बीए सेट, म्हणजे श्वसनयंत्र, आणा" असं स्पष्ट सांगा. ब्लोअर असेल तर ताजी हवा सोडा. आणि कडेवर वाकून कोणाला बघू देऊ नका, तिथेही चक्कर येऊन माणूस आत जातो.